कार्डाचा उजवा कोपरा

६ मार्च

तीर्थस्वरूप वहिनींस साष्टांग नमस्कार.

टक, टक… टाक. दोन आखूड, एक लांब. शाळेत कवितेचे मास्तर बाकावर पट्टी आपटून वृत्त शिकवायचे, लघू लघू गुरू, लघू लघू गुरू. दादाचं दार ठोठावणं नेमकं त्या चालीतलं होतं. काल दुपारी पाणी तापत ठेवलं होतं. भांड्यावरचं झाकण त्याच चालीत वाजलं आणि मी दार उघडायला उठलो. चार पावलं गेल्यावर आठवलं, की एकतीस वर्षांत दादा या दारात आलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पोपट म्हातारा झाला तरी पाठांतर सुटत नाही. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी अकरा वर्षांचा. तुम्ही भाजी चिरायला बसायचात आणि मी समोर पाटावर बसून शाळेतल्या कविता घडाघडा म्हणायचो. कडवं चुकलं की तुम्ही मान वर न करता सुरीनं ताटाच्या काठावर एकदा वाजवायचात. इतकं चोख ऐकणारं माणूस मला पुढं भेटलं नाही.

आता कामाचं. कोशकचेरीतल्या नव्या संपादकबाईंचं पत्र आलंय. आदिस्लाव्ह, म्हणजे सगळ्या स्लाव्ह भाषांच्या पणजीभाषेतल्या शब्दांच्या कोशाचा ज्या खंडात ‘देवेर’ आहे, तो खंड छापायला चाललाय. एकदा तुम्ही विचारलं होतंत, या शब्दांच्या डोक्यावर ही चांदणी कशाला? दादा हसून म्हणाला होता, “अगं, हा शब्द लिहिलेला कुणी पाहिलेलाच नाही. नातवंडांची तोंडं बघून पणजोबाचं चित्र काढायचं, आणि वर चांदणी चिकटवायची, म्हणजे लोकांना कळतं की म्हातारा कुणी पाहिलेला नाही.” आपला दीर, संस्कृतातला देवृ, ग्रीकांचा दाएर, लॅटिनमधला लेविर, ही सगळी त्या चित्रातली नातवंडं. स्लाव्हांच्या घरांत हा शब्द पांगत पांगत गेला, आणि जाईल तिथं शेजारच्या शब्दांसारखा वागायला लागला. मुळातली त्याची चाल, म्हणजे विभक्तीची रूपं, अशी नव्हती, भाऊ, आई, मुलगी या शब्दांच्या पंगतीतली होती, असं दादाचं म्हणणं. पण बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून ती चाल कुणी ऐकली नव्हती.

मग एकानं ऐकली. स्लाव्ह मुलखात, डोंगरातल्या शेवटच्या वस्तीत, एका म्हातारीच्या ओट्यावर.

आम्ही दोघं दारोदार एकच प्रश्न घेऊन हिंडायचो. दार वाजवायचं, टोपी काढायची, आणि दादा विचारायचा, “आजी, तुमच्यात नवऱ्याच्या धाकट्या भावाला काय म्हणतात?” त्या शेवटच्या वस्तीत मात्र मी एकटा गेलो, कारण दादाचा पाय मुरगळला होता आणि तो खालच्या गावात खाणावळीच्या माडीवर उशीवर पाय ठेवून पडला होता. मी विचारलं आणि म्हातारी भडकलीच. “काय म्हणतात? पाच होते मला! पाचही नालायक! जमीन खाल्ली, गाय खाल्ली, मेले तेही माझ्या अंथरुणात!” आणि त्या शिव्यांच्या भरात त्या पाचांना तिनं ज्या रूपात हाक मारली, ते रूप, वहिनी, हजार वर्षांपूर्वीचं होतं. लोक गाणी विसरतात, शिव्या विसरत नाहीत.

कचेरीत त्या रूपाचं जे कार्ड झालं, त्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं ऐकणाऱ्याची आद्याक्षरं घालतात, तिथं दादाची आद्याक्षरं आहेत. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. त्या कार्डावर दादाचा लेख, लेखावर संपादकाची खुर्ची. भर कचेरीत सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, “दादा, तू होतास तिथं?” तो म्हणाला, “कार्डावर जे आहे ते आहे.” त्याच दिवशी मी राजीनामा टाकला. पुढची अठ्ठावीस वर्षं वेळापत्रकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथंही चांदणी असायचीच, फक्त तिचा अर्थ ‘रविवारी धावत नाही’ एवढाच.

नव्या बाई चिकट दिसतात. त्यांना जुन्या फायलीत डॉक्टरची चिठ्ठी सापडली आहे, की चार दिवस दादानं पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. तारीख कार्डावरचीच. बाईंनी मला विचारलंय, ऐकलं कुणी? सोबत फॉर्म आहे. तीस एप्रिलच्या आत भरून पाठवायचा, नाहीतर कार्डावर आहे तसं छापतील.

मला फॉर्म भरायचा नाही. दादानं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहावी, “ऐकलं ते धाकट्यानं.” बस. खालच्या दुकानात फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की मी विरघळतो, आणि या वेळी मला विरघळायचं नाही.

तुमचा पोपट


१४ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच टपोरं आहे, बघून बरं वाटलं. गुडघ्याचं काय? तिसऱ्या मजल्यावरची ती जागा सोडा म्हणून किती वर्षं सांगतेय.

इकडं सगळं ठीक. ह्यांना हल्ली वाचायला त्रास होतो, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून लिहीत नाहीत. बाकी खाणंपिणं व्यवस्थित. रोज सकाळ-संध्याकाळ फिरून येतात. गल्लीत सगळे ओळखतात त्यांना.

तुम्ही लिहिलंत ते मी त्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

भाऊजी, मी तुमच्यापेक्षा मोठी म्हणून सांगते. तुम्ही सत्तरीला टेकलात, हे ऐंशीच्या पुढं गेले. ज्या म्हातारीनं तो शब्द उच्चारला ती कधीच गेली, तिचे पाच नालायकही गेले. आता त्या कार्डाचा कोपरा खरवडून कुणाचं भलं होणार आहे? झाकली मूठ झाकलेली राहू द्या. बाईंना लिहून टाका, आठवत नाही म्हणून. म्हाताऱ्या माणसानं आठवत नाही म्हटलं तर जग त्याला काही म्हणत नाही.

पाकीट घरात नाही, आणायला खाली जाते आणि आजच टाकते.

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

नमस्कार मुद्दाम घातलेला नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचून घडी घालत होतो, तेव्हा मागची बाजू दिसली. तुम्हाला दाखवून लिहिलंय की चोरून, ते तुम्हीच जाणा. दादाचं अक्षर मी आंधळा झालो तरी ओळखेन. डोळ्यांना दिसत नाही म्हणता ना? ओळ सरळ आहे, काना-मात्रा जागच्या जागी आहेत. लिहिलंय:

“तुमच्यात नवऱ्याच्या धाकट्या भावाला काय म्हणतात?”

वा! ज्या प्रश्नाचं उत्तर मी पाय तुटेस्तोवर चढून आणलं, तोच प्रश्न मला टपालानं! एकतीस वर्षांनी एक ओळ मागितली, तर ही ओळ मिळाली. काय म्हणतात सांगू? हमाल म्हणतात. त्यानं वाहून आणायचं आणि थोरल्यानं उतरवून घ्यायचं. त्या म्हातारीच्या दिरांनी निदान जमीन आणि गाय खाल्ली होती. आमच्याकडं उलटं झालं, दिरालाच खाल्लं.

शाळेच्या पुस्तकात भावाभावांच्या कविता असायच्या. त्यांत धाकटा नेहमी थोरल्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो आणि शेवटच्या कडव्यात सूर्य उगवतो. मी त्या खऱ्या मानल्या, ही माझी चूक. आई-वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, त्यानंच शिकवलं, आणि म्हणून त्याला माझं काहीही उचलायचा हक्क आहे, असंच त्याला वाटत आलं असणार. माझा सदरा त्याला लहान पडायचा, पण मागितला असता तर तोही आनंदानं दिला असता. नेमकं त्यानं तेवढं एक घेतलं, जे माझ्यापाशी एकच होतं.

कच्च्या वहीत मी लिहून ठेवलं होतं, तारीख, वस्ती, म्हातारीचं वय, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. ती वही तुमच्याकडं आली, कारण आमच्या सगळ्या कच्च्या वह्यांवरून पक्की कार्डं तुम्हीच करायचात. तुमचं मोत्यासारखं अक्षर, कचेरीला फुकटात मिळालेलं. कोपरा बदल म्हणून तुम्हाला दादानं सांगितलं, आणि नवऱ्याचा शब्द तुम्ही कसा मोडणार? तुमच्यावर माझा राग नाही. कार्ड झालं की कच्ची वही चुलीत घालायची, हा कचेरीचा नियम. तेवढा मात्र त्यानं इमानदारीनं पाळला.

फॉर्म मी भरणार. त्याला वाचून दाखवा.

सही करत नाही. सही केली की लोक कोपरे बदलतात.


११ एप्रिल

चि. पोपट,

आज भाऊजी म्हणत नाही. तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा तुला अरे-तुरेच करायचे, आज तेच बरं.

तीन आठवडे लावले, त्याची माफी मागत नाही. पाच वेळा लिहून फाडलं.

आधी मागच्या ओळीचं सांगते. मी पाकीट आणायला खाली गेले, तेवढ्यात ह्यांनी टेबलावरचं पेन उचललं असणार. मी न बघता घडी घातली. तुला हिणवायला लिहिलेलं नाही रे. ते सगळ्यांनाच विचारतात. दूधवाल्याला, डॉक्टरला, जिन्यात भेटेल त्या पोराला, आणि रोज सकाळी मला. टोपी काढतात, “आजी,” म्हणतात आणि विचारतात. दोन वर्षं झाली. पहिल्यांदा माणसांची नावं गेली, मग महिने गेले, मग मी गेले. हा एक प्रश्न तेवढा राहिला. फिरायला जातात म्हणून लिहिलं ते म्हणजे खांद्याला ती जुनी कातडी पिशवी अडकवून गल्लीतली दारं वाजवतात. सुरुवातीला लोक हसून काहीतरी उत्तर द्यायचे. आता आतून कडी घालतात. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा शांत ऐकलं, आणि म्हणाले, “चांगली माहिती आहे. बाईंचं वय काय?”

तुला हे कळू द्यायचं नव्हतं. त्यांचा कुणी राग केला तर मला चालतं, पण त्यांची कुणी कीव केलेली सोसत नाही.

आता दुसरं.

कोपरा मी बदलला. मला कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षी संपादकाची जागा रिकामी व्हायची होती. पंधरा वर्षं हे दुसऱ्यांची कार्डं तपासत बसले होते, स्वतःचं असं नाव घ्यावं असं त्यांच्याकडं काही नव्हतं. तू चाळिशीचाही नव्हतास, तुला आणखी शंभर म्हाताऱ्या भेटतील असं मला वाटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझी वही उघडी होती. कार्ड लिहिलं, कोपऱ्यापाशी आले, आणि हात तुझ्या अक्षरांऐवजी ह्यांच्या अक्षरांकडं वळला. चूक झाली असं मी कधीच म्हटलं नाही, कारण चुकून झालंच नव्हतं.

ह्यांना वाटलं, पाय मुरगळायच्या आधी आपण ज्या वस्त्या हिंडलो त्यांतलंच हे कार्ड आहे. लेख छापून आला, तू कचेरीत उभा राहून विचारलंस, तेव्हा ह्यांनी खणातून कार्ड काढलं, अक्षर बघितलं, तारीख बघितली, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. कार्डात खोटं करणाऱ्याला कचेरी दाराबाहेर काढते आणि गावभर त्याचं नाव बदनाम करते. ते नाव माझं झालं असतं. म्हणून ते म्हणाले, “कार्डावर जे आहे ते आहे.” घरी येऊन मला एक अक्षर विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एकतीस वर्षं आम्ही एका ताटाशी बसून तुझं नाव काढलं नाही. तू गेल्यावर ह्यांनी परत एकही दार वाजवलं नाही, ते आत्ता डोकं गेल्यावर वाजवायला लागले.

वही मी चुलीत घातली, पण ते एक पान फाडून ठेवलं होतं. का, ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. सोबत पाठवतेय. तुझी पेन्सिल, तुझी आद्याक्षरं. फॉर्मला जोड आणि पाठव. बाईंना सांग, कोपरा बायकोनं बदलला. मी आता कुठल्या दाराबाहेर जायची राहिले आहे?

फक्त ह्यांना चोर म्हणू नकोस.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

पान मिळालं. कडेला तुमच्या चुलीच्या काजळीचा डाग आहे. म्हातारीचं वय मी ‘अंदाजे ऐंशी, आवाज पंचविशीचा’ असं लिहिलं होतं, ते पूर्ण विसरलो होतो. कोपऱ्यातली माझी आद्याक्षरं मात्र फार ऐटीत काढली आहेत. त्या मुलाची मला दया आली.

तुम्हाला वाटत असेल, हे वाचून पोपट रडला असेल आणि तुम्हाला माफ करून मोकळा झाला असेल. तसं झालेलं नाही. उलट, एका माणसावर राग धरून मी इतकी वर्षं काढली, ती जागा माझ्या अंगवळणी पडली होती. तुम्ही मला तिथूनही बेघर केलंत. दादाला मनातल्या मनात मी किती बोललोय! आंघोळ करताना, मुद्रितं तपासताना, आजारपणात. ते सगळं एका निरपराध माणसाला बोललो. ते परत कुठल्या खणात घालू? आणि तो निरपराध तरी कसा म्हणू? तुम्हाला वाचवायला त्यानं मला टाकलं. दोघांतून एक निवडायचं होतं, त्यानं निवडलं. बायको आणि भाऊ यांत बायको निवडली याबद्दल कुठल्याही गावात कुणी त्याला नावं ठेवणार नाही. त्याचाच तर राग येतो.

आणि तुम्ही. ताटाच्या काठावर सुरी वाजवून माझी एकेक मात्रा सुधारणाऱ्या तुम्ही. आणखी शंभर म्हाताऱ्या भेटतील म्हणता? एकही भेटली नाही. मी शोधायला गेलोच नाही. सांगितलं ना, रविवारी धावत नाही, सोमवारी धावत नाही.

फॉर्म भरलाय. ‘ऐकणाऱ्याचं नाव’ या रकान्यात माझं नाव, खाली खुलासा: कोपरा कुणी बदलला, का बदलला. तुमचं नाव घातलं आहे. तुम्ही म्हणालात घाल, म्हणून. पान टाचणीनं जोडलं. पाकीट बंद करून ते टेबलावर ठेवलंय, तिकीट लावलेलं आहे. उद्या सकाळी टाकतो. खंडात एक ओळ बदलेल, बारीक टायपात, चार माणसं वाचतील. तेवढं माझं आहे, ते मला

वहिनी, वाक्य अर्धं राहिलं, कारण दार वाजलं. आता दोन तासांनी पुढं लिहितोय. खालच्या दुकानातून तुम्हाला फोन केला. फक्त ‘इथं आहे’ एवढं सांगितलं. म्हणून हे लिहून ठेवतो, तुम्ही उद्या याल तेव्हा हातात देईन.

दार वाजलं. टक, टक… टाक.

मी झाकणाकडं बघितलं. शेगडी बंद होती.

दार उघडलं तर दादा. इस्त्रीचा सदरा, उलटी बटणं, खांद्याला ती कातडी पिशवी. एका हातात माझं बावीस मार्चचं पाकीट, ज्याच्या मागं मी माझा पत्ता लिहितो. बरोबर बसचा कंडक्टर होता. तो म्हणाला, “आजोबा हे पाकीटच दाखवत होते सगळ्यांना. दोन बस बदलल्या त्यांनी. म्हटलं, पोचवूनच जावं. तुमचेच ना?” आपणच लिहिलेलं पत्र परत येतं, तसा माझ्याच रागानं भरलेल्या पाकिटाच्या पाठीवर बसून तो आला होता.

मी म्हणालो, “आमचाच.”

कंडक्टर गेला. दादानं टोपी काढली. किती विरळ झालेत केस. माझ्याकडं नीट बघितलं, माणूस नव्या घरात बघतो तसं, आणि वाकून अदबीनं विचारलं, “आजोबा, त्रास देतो. तुमच्यात नवऱ्याच्या धाकट्या भावाला काय म्हणतात?”

मला हमाल म्हणायचं होतं. गेला महिनाभर ते उत्तर घासून तयार ठेवलं होतं.

मी म्हणालो, “दीर.”

त्याचा चेहरा उजळला. आत येऊन टेबलाशी बसला, बंद पाकीट कोपरानं बाजूला सारलं, पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि मधोमध तो शब्द लिहिला, सुरेख, काना-मात्रा जागच्या जागी. डोक्यावर चांदणी काढायला गेला आणि थांबला. “नको,” स्वतःशीच म्हणाला, “हा तर प्रत्यक्ष ऐकलाय.”

मग पेन्सिल उजव्या कोपऱ्यात नेली. तिथं ती थांबून राहिली. बराच वेळ. शेवटी त्यानं मान वर केली, कार्ड माझ्याकडं सरकवलं, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि लाजून हसला.

“इथं ऐकणाऱ्याचं नाव घालायचं असतं,” तो म्हणाला. “माझं काय बरं नाव?”